फरशा काढलेल्या भिंतीचे बुजलेले खिंडार पुन्हा उघडणेबाबत

प्रति,
मेहेरबान चीफ ऑफिसर साहेब,
म्युनिसिपालिटी कचेरी, संगमनेर,
जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : अंबिका कोम दत्तोपंत जोर्वेकर, वय वर्षे ५६, मुलींच्या शाळेतील सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार संगमनेर.

विषय : स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीतील बुजविलेले खिंडार पुन्हा उघडून तेथे दार बसविण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीची जानेवारी महिन्यातील नोटीस, व तिजवर पडलेला ‘काम झाले, प्रकरण बंद’ हा शेरा.

महोदय,

१. या अर्जातील मागणी वाचून आपणांस प्रथम हसू येईल, याची अर्जदारास कल्पना आहे. भिंतीला पडलेले खिंडार बुजवून मिळावे, असे अर्ज आपल्याकडे येत असतील. बुजलेले खिंडार पुन्हा पाडू द्यावे, असा अर्ज बहुधा हाच पहिला. तरी तो शेवटपर्यंत वाचला जावा, एवढी पहिली विनंती.

२. अर्जदाराचे घर पेठेच्या मागील आळीत आहे. पुढचे दोन खण चुलत दीर रा. रंगनाथ जोर्वेकर यांचे, व मागचे माजघर, स्वयंपाकघर आणि परसू अर्जदाराचे, अशी जुनी वाटणी आहे. स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत सामाईक असून तिच्या पलीकडे बनुबाई ठुबे या शेतकरी समाजातील विधवा बाई एकट्या राहतात; म्हणजे परवापरवापर्यंत राहत होत्या. त्या मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. एका दुष्काळात नवऱ्याच्या बैलगाडीत बसून इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. नवरा गाडीवान होता. त्याच्या माघारी त्या आळीची दळणे दळून पोट भरीत.

अर्जदाराच्या मोरीचे पाणी बनुबाईंच्या ओट्याखाली मुरते, यावरून उभयतांच्या यजमानांचे एकदा कडाक्याचे भांडण झाले होते. अर्जदार त्या भांडणात एक शब्द बोलली नव्हती, व नंतरही बोलली नाही. भांडणारे दोघे पुरुष निवर्तले. अबोला तेवढा मागे राहिला आणि इस्टेटीसारखा दोघी विधवांकडे आला. विहिरीवर गाठ पडली तर एकीने घागर भरून होईपर्यंत दुसरीने आभाळाकडे पाहावे, असा रिवाज पडून गेला होता.

३. सदर भिंतीस चुलीच्या मागे कमरेपासून डोक्यापर्यंत चिनी मातीच्या फरशा होत्या. पांढऱ्या, कडेने निळी वेल. अर्जदारास शाळेत नोकरी लागली त्या वर्षी यजमानांनी त्या पुण्याहून आणवून बसविल्या. काजळी एका फडक्यात पुसली जाईल व बायकोला शाळेची वेळ गाठता येईल, असा त्यांचा विचार होता. बोलून दाखविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. फरशा बसवून ते मोकळे झाले.

गेल्या पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला. फरशांमागचा चुना पीठ होऊन सुटला, फरशा पोट काढून उभ्या राहिल्या, आणि भाद्रपदात एक फरशी उकळत्या आमटीत पडून अर्जदाराचा हात पोळला. गवंडी शोधला. परंतु गवंडी म्हणविणारे सगळे नगरच्या आणि देवळालीच्या लष्करी बराकींच्या कामावर गेलेले. चिरंजीव शामकांत जबलपुरास नोकरीस असतात. त्यांना लिहिले, तेव्हा ‘लढाई संपेपर्यंत स्वयंपाकघराचा तो कोपरा वापरू नये’ असा त्यांचा सल्ला आला. त्या कोपऱ्यात चूल असल्याने तो अमलात आणता आला नाही.

४. सबब दसरा झाल्यावर अर्जदाराने लोहाराकडून पातळ पात्याची छिन्नी आणली व फरशा स्वतः काढावयास घेतल्या. पहिली फरशी फुटली आणि तिच्या कपचीने अंगठा कापला. पुढे हळूहळू कळत गेले. फरशीवर बोटाने वाजवून पाहावे. बद्द वाजली ती सुटलेली, टणटणीत वाजली ती अजून धरून बसलेली. आधी सांध्यातला चुना खरवडावा, मग छिन्नी आडवी धरून हलके ठोके द्यावेत, म्हणजे फरशी अख्खी हातात येते. अशा अख्ख्या निघालेल्या फरशा पुसून माजघरात खाटेखाली रचून ठेविल्या आहेत.

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. अर्जदार त्याच सुमारास शाळेतून निवृत्त झालेली होती. जिच्या कानात सारी उमर पोरींचा कलकलाट भरलेला, तिच्या घरात आता सकाळी गवळी ‘दूऽध’ म्हणे, तेवढाच माणसाचा आवाज. त्याला ‘आलेऽ’ म्हणून ओ दिली की दिवसाचे बोलणे संपले. एकदा तिने रिकाम्या माजघरात उभे राहून औटकीचा पाढा म्हटला, तो केवळ आपला घसा शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी. त्यामुळे छिन्नीचा ठकठकाट तिला सोबतीसारखा वाटू लागला, व आठवड्यात उरकावे ते काम तिने लांबवीत नेले. शेजाऱ्यांना त्याचा त्रास झाला असल्यास त्याची जबाबदारी तिची आहे.

५. दिवाळीपूर्वी एके दिवशी खालच्या रांगेतली एक फरशी काही केल्या निघेना. अर्जदाराने घाव जरा जोराने घातला. फरशी निघाली, परंतु तिच्यामागची कच्ची वीटही सरकली आणि पलीकडे गेली. मग त्या भोकातून आवाज आला :

“मास्तरीनबाई, तुमची ईट माज्या पिटात पडली हाय.”

इतक्या वर्षांत त्या घरातून या घरास उद्देशून आलेले हे पहिले वाक्य. अर्जदार गडबडली. चूक झाली, पीठ भरून देते, असे ती म्हणाली.

“पीठ ऱ्हाऊ द्या. किती दिस झालं ठोकताय, हात दुखत न्हाई का?”

त्या सबंध वर्षात हा प्रश्न अर्जदारास दुसऱ्या कोणी विचारलेला नव्हता. ती हातातली छिन्नी खाली ठेवून भिंतीशी बसली, आणि दुखतो, असे तिने सांगितले. ऐरणीवर ठेवलेल्या लोखंडासारखा खांदा ठणकतो, हेही सांगितले. पलीकडून तेल कोणते लावावे, ते कसे कोमट करावे, याची माहिती आली.

६. ती वीट जागेवर बसविण्याचे दोन्हीकडून राहून गेले. पुढे काडेपेटी दुकानात मिळेनाशी झाली, तेव्हा जिची चूल आधी पेटेल तिने दुसरीला निखारा द्यावा असे ठरले. बनुबाई पळीवर निखारा ठेवून भोकातून पुढे करीत. पहिल्या दिवशी अर्जदाराने तो चिमट्याने उचलला, व चिमटा त्यांच्या पळीस लागणार नाही याची काळजी घेतली. ती काळजी पुढे कमी होत गेली. विस्तवाला विटाळ नसतो असे शास्त्रात असल्याचे अर्जदाराने मनाशी म्हटले. कोणत्या शास्त्रात, ते तिने शोधले नाही.

निखाऱ्याबरोबर बोलणे होई. पारनेरकडच्या खडकाळ रानात बाजरी कशी तग धरते, शेळीला कोणता पाला बाधतो, अर्जदाराच्या हाताखालून गेलेली कोणती मुलगी कोठे नांदते, असे काही ना काही निघे. एकदा बनुबाईंनी विचारले, जबलपूर किती लांब. मनमाडला गाडी धरली की पुढे बदलावी लागत नाही, एक रात्र आणि वर थोडा दिवस, असे अर्जदाराने सांगितले.

“येवढंच? मंग येत का न्हाई त्यो?”

अर्जदाराने चुलीतली लाकडे पुढे सारली. बनुबाईंनी ते पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी शेळीची गोष्ट काढली.

७. भोकाचे खिंडार कसे झाले, ही बाब आपल्या कचेरीच्या दृष्टीने मुख्य असल्याने ती नीट सांगते. कार्तिकात अर्जदारास हिवताप आला. रा. रंगनाथराव सहकुटुंब नाशकास लग्नास गेलेले. अर्जदार दाराला अडसर घालून निजली, ती उठू शकली नाही. सकाळी बनुबाईंनी निखाऱ्यासाठी हाक मारली. ओ आली नाही. दुपारी मारली, आली नाही. त्या पुढल्या दाराने आल्या, तो बाहेर रंगनाथरावांचे कुलूप. परसाचे दार आतून बंद. तेव्हा त्या घरी परत गेल्या आणि त्यांनी मुसळाने भिंत पाडली.

त्यांतले अर्जदारास फार थोडे आठवते. भिंत धडधडत होती, आणि तापात तिला वाटत होते की आपणच अजून फरशा काढीत आहोत व त्या संपतच नाहीत. मग एक खरबरीत हात कपाळावर आला.

“उटू नगा. मी हाय.”

बनुबाईंनी सरकारी दवाखान्यासमोर रांग धरून कोयनेल आणले. आपल्या घरून हुलग्याचे माडगे करून आणले व ते आपल्याच वाटीने पाजले. अर्जदार ते प्याली. ही गोष्ट आळीत वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते, म्हणून ती अर्जदाराने स्वतः लिहून दिली आहे. चार घास पोटात जाऊ लागेपर्यंत बनुबाई त्याच वाटेने वाकून येत व वाकून जात.

८. रा. रंगनाथराव परतले. स्वयंपाकघरात आले आणि उभेच राहिले.

“वहिनी, हे काय! दत्तूभाऊंच्या चुलीशी तुम्ही हमरस्ता केलात. आज ही बाई आली, उद्या हिच्या शेळ्या येतील.”

शेळी एकदा आली होती, हे खरे आहे. तिने कोथिंबिरीची जुडी खाल्ली.

रंगनाथरावांनी तक्रार केली, त्याबद्दल अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. भिंत खचली तर आढे त्यांच्याही अंगावर येणार, ही भीती खोटी नव्हती. आपल्या ओव्हरसिअर साहेबांनी येऊन मोजमाप घेतले. ते वाकून पलीकडे गेले, पलीकडे त्यांना भाकरी खावीच लागली, वाकून इकडे आले, इकडे त्यांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, “बाई, मला लिहावं लागेल.” त्यांनी लिहिले ते बरोबरच लिहिले. नोटीस कायद्याला धरून होती : खिंडार मुदतीत बुजवावे, न बुजविल्यास दंड.

बनुबाईंनी खिंडाराशी बसून विचारले, कागदात काय लिवलंय. अर्जदाराने तो अक्षरशः वाचून दाखविला. ‘दंड’ हा शब्दही गाळला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेऊन खालच्या शिक्क्यावर बोट फिरविले. मुदतवाढीचा अर्ज करू, असे अर्जदार म्हणाली. त्यावर त्यांनी मान हलविली, ती होकारार्थी आहे असे अर्जदारास वाटले.

९. त्यानंतरच्या शनिवारी शाळेत हळदीकुंकवाचे बोलावणे होते. अर्जदार गेली, जुन्या मुली भेटल्या, उशीर झाला. घरी येऊन पाहते तो खिंडार नाही. जुन्याच विटा एकीवर एक बसवून सांध्यात माती भरलेली. माती अजून ओली होती. काम उत्तम होते. अर्जदाराने दिवा धरून कोठे फट राहिली आहे का ते पाहिले, कोठेही नव्हती. तिने हाका मारल्या. मग आळीला वळसा घालून पुढून गेली. दाराला कुलूप होते. पुतण्या गहिनीनाथ गाडी घेऊन आला होता, शेळीला गाडीत घालून म्हातारी गेली, असे समोरच्यांनी सांगितले.

आपले ओव्हरसिअर साहेब पुढे पाहणीस आले. काम झालेले पाहून त्यांनी प्रकरण बंद केले. हुकूम पाळला गेला होता. तो कोणी पाळला, असा रकाना त्या कागदावर नव्हता.

१०. अर्जदाराने त्यानंतर काही दिवस काढले. ते कसे काढले, हे लिहिण्याजोगे नाही. चूल पेटविण्यास काडेपेटी मिळाली होती, त्यामुळे त्या बाबतीत अडचण नव्हती. आमटी दोन वेळा खारट झाली. एकदा मीठच नव्हते. आणि तिन्ही वेळा ते कोणाला सांगावे हा प्रश्न पडला. शेवटी माघ सरता सरता अर्जदार कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने नगरास गेली, तेथून पारनेरास, व तेथून विचारीत विचारीत पायी गहिनीनाथाच्या वस्तीवर. एवढा प्रवास तिने एकटीने पूर्वी केलेला नव्हता.

बनुबाई खळ्यात ज्वारीची कणसे खुडीत बसल्या होत्या. अर्जदार बांधावर दिसताच त्या उठल्या.

“आवो मास्तरीनबाई! येवढ्या लांब? येकट्या?”

वाटेत अर्जदाराने बोलायची वाक्ये जुळवून ठेवली होती. भिंत का बुजविली, एवढेच तिने विचारले.

“कागद आला न्हवं का सरकारचा. तुमाला दंड केला, तुमची पेनशन बंद केली, म्हंजी? माज्यापायी?”

पेन्शनचा आणि भिंतीचा काही संबंध नाही, हे अर्जदाराने समजावून सांगितले.

“तुमाला न्हाई ठावं. सरकारला समद्याचा समंद लावता येतो.”

गहिनीनाथ चांगला मुलगा आहे. त्याने अर्जदारास बाज दिली, ताक दिले, आणि चुलती आता इथेच राहील, असे आदराने सांगितले. तो बैलांकडे गेल्यावर अर्जदाराने विचारले, इथे बरे आहे ना.

“बरं हाय की. समदी हायेत हितं. पर समद्यांना कामं हायेत,” बनुबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कणसे खुडू लागल्या. अर्जदारही शेजारी बसून खुडू लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी वर न पाहता विचारले,

“बाई, भिंत बंद करायचा कागद येतो, तसा उगडायचा येतो का?”

अर्ज करावा लागतो, असे अर्जदाराने सांगितले.

“मंग करा की. शिक्क्याचा कागद मला दावा. त्याच गाडीनं येते.”

११. वरील सर्व कारणांस्तव अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे.

सदर भिंतीत एका माणसास वाकून जाता येईल एवढे दार, सागवानी चौकट व वर तुळवट देऊन, बसविण्याची परवानगी असावी. खर्च अर्जदार करील. गवंडी येईपर्यंत बनुबाईंनी लिंपलेल्या विटा हाताने काढून ठेवण्याची मुभा असावी. माती आणखी कडक होण्यापूर्वी मिळाल्यास विटा फुटणार नाहीत. रा. रंगनाथरावांच्या समाधानासाठी दाराला अर्जदाराच्या बाजूने कडी राहील, व शेळी या वाटेने येणार नाही, अशी हमी अर्जदार लिहून देते. त्यांच्याशी तिचे बोलणे झाले आहे. ते हो म्हणाले नाहीत. परंतु या खेपेस तक्रार करणार नाही, असे म्हणाले.

१२. हे सर्व कायद्यात बसत नसेल तर आपणांस अर्ज नामंजूर करावा लागेल, हे अर्जदार जाणते. तसे झाल्यास शिपायाकरवी तोंडी निरोप पाठवू नये. नामंजुरीचा हुकूमही लेखीच द्यावा, व त्यावर कचेरीचा गोल शिक्का ठळक, शाई न फासता, उमटवावा. बनुबाईंना अक्षरओळख नाही. शिक्का त्या ओळखतात. खाली काय लिहिले आहे, ते त्यांना वाचून दाखविण्याचे काम अर्जदार स्वतः करील.

टपालाकडे डोळे लावून असलेली,
आपली नम्र,
अंबिका दत्तोपंत जोर्वेकर

संगमनेर, ता. १४ मार्च १९४५

सोबत : १. मूळ नोटिशीची नक्कल.
२. भिंतीचा हाती काढलेला नकाशा.
३. अर्जदाराचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लखोटा. तो मुद्दाम मोठा घेतला आहे, कारण शिक्क्यावर घडी पडू नये.